नकार पचवण्याचा गृहपाठ: ब्राँक्समधल्या एका बागेतलं प्रकरण

नकाराच्या भीतीचा विषय निघाला की अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची तरुणपणातली, बागेतली गोष्ट कुणीतरी सांगतंच. लाजाळू अल्बर्टने हिंमत केली, महिन्याभरात शंभराहून जास्त मुलींशी बोलला आणि त्याची भीती पळाली, एवढ्यावर ती बहुतेकदा संपते. ऐकणाऱ्याच्या मनात उरतं ते ‘धीर केला की जमतं’. पण त्या महिन्याचा हिशेब नीट मांडला तर लक्षात येतं की त्याला जमलं असं काहीच नव्हतं. जे हवं होतं ते हाती लागलं नाही आणि तरीही भीती गेली. हे प्रकरण बारकाईने पाहायचं ते याचसाठी.

एलिस यांचा जन्म २७ सप्टेंबर १९१३ चा, पिट्सबर्गचा. वाढले मात्र न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. लहानपणी मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्यांच्या इस्पितळाच्या वाऱ्या सुरू झाल्या, एकदा तर मुक्काम जवळपास वर्षभराचा झाला. आईवडील भेटायला फारसे फिरकत नसत. पुढे हा मुलगा वाचनात रमला, अभ्यासात पुढे राहिला, पण चारचौघांत उभं राहून बोलायचं म्हटलं की त्याची गाळण उडायची. मुलींच्या बाबतीत तर विचारायलाच नको.

घराजवळ न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डन. अल्बर्ट तिथे सारखा जायचा. बाकावर एखादी मुलगी एकटी बसलेली दिसली की हा शेजारच्या बाकावर बसणार, तिच्याकडे पाहणार, नजरानजर झाली तर आनंदणार आणि मग न बोलता उठून जाणार. प्रत्येक वेळी कारण तयार असे. ही फार उंच, ती फार बुटकी. ही वयाने मोठी, ती अगदीच लहान. ही अतिहुशार असेल, ती मठ्ठ असेल. पुढे कित्येक वर्षांनी आपल्या भाषणांत एलिस या सबबींची यादी मिटक्या मारत ऐकवत असत.

या सबबींपाशी जरा थांबायला हवं, कारण भीती पोसली जाते ती इथेच. मुलगी दिसली की छातीत धडधड सुरू होते. ‘ही फार उंच आहे’ असं मनाशी ठरवून माणूस उठला की धडधड थांबते. हायसं वाटतं, आणि हे हायसं वाटणं हेच बक्षीस ठरतं. पुढच्या वेळी पाय आपोआप त्याच वाटेने वळतात. शिवाय बोलल्यावर काय झालं असतं हे कधी कळतच नाही, त्यामुळे मनातला भयंकर शेवट तसाच शाबूत राहतो. वर्षानुवर्षं टाळत आलेल्या माणसाची भीती काळाच्या ओघात कमी का होत नाही, याचं उत्तर यात आहे.

गृहपाठ

अल्बर्टला हे दुष्टचक्र आधी एकदा तोडता आलं होतं. तो एका तरुणांच्या राजकीय गटाचं काम करायचा आणि तिथे भाषण करणं भाग होतं. सुरुवातीला ती शिक्षा होती. त्याच काळात त्याने जॉन वॉटसन आणि मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञांच्या भीतीवरच्या प्रयोगांविषयी वाचलं. जोन्सबाईंनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पीटर नावाचा तीनेक वर्षांचा मुलगा होता. तो सशाला घाबरायचा. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा दुरून थोडा थोडा जवळ आणत नेला आणि अखेर तो मुलगा त्या सशाशी खेळू लागला. अल्बर्टने विचार केला, सशाला घाबरणाऱ्या पोराला हे जमतं तर आपल्याला का नाही? तो भाषणं करत राहिला. आधी त्रास झाला, मग कमी झाला, पुढे चक्क मजा यायला लागली. हाच माणूस पुढे आयुष्यभर व्यासपीठ गाजवत राहिला.

मग १९३३ च्या उन्हाळ्यात, एकोणिसाव्या वर्षी, त्याने स्वतःला दुसरा गृहपाठ दिला. महिनाभर, पाऊस नसेल त्या प्रत्येक दिवशी, बागेत जायचं. बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की थेट त्याच बाकावर जाऊन बसायचं. शेजारच्या बाकाची पळवाट बंद. आणि बसल्यापासून एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. वय, उंची, रूप काही पाहायचं नाही. ज्या सबबींवर इतकी वर्षं काढली होती त्या या एका नियमाने निकालात निघाल्या.

या गृहपाठाची घडण मला फार शहाणपणाची वाटते. त्यात ‘मैत्री जमवायची’, ‘छाप पाडायची’, ‘तिला हसवायचं’ असलं काही नव्हतं. होतं ते एवढंच: बसायचं आणि बोलायचं. या दोन्ही गोष्टी पूर्णपणे त्याच्या हातातल्या. समोरची काय करेल हे तिच्या हातातलं, म्हणून ते गृहपाठाबाहेर. धडधड थांबल्यावर बोलू, हेही नव्हतं. मिनिट संपायच्या आत, धडधडत्या छातीनेच बोलायचं होतं. आपल्याकडे जो तो ‘आधी आत्मविश्वास येऊ दे, मग करू’ म्हणत बसलेला असतो. अल्बर्टने क्रम उलटा लावला.

आता हिशेब. महिन्याभरात बाकांवर एकूण १३० स्त्रिया भेटल्या. त्यांतल्या ३० जणी तो बसताच उठून निघून गेल्या. राहिलेल्या १०० जणींशी तो बोलला. फुलं, पक्षी, झाडं, हातातलं पुस्तक, जे सुचेल ते. या शंभरांतून पुन्हा भेटायला तयार झाली ती एक. संध्याकाळी येते म्हणाली आणि आलीच नाही.

म्हणजे १३० प्रयत्न आणि फळ शून्य. पण एलिस म्हणत, की या महिन्याने त्यांना बदलून टाकलं. कुणी सुरा काढला नाही, कुणाला ओकारी आली नाही, कुणी पोलिसांना हाक मारली नाही. वर्षानुवर्षं मनात रंगवलेला अनर्थ १३० पैकी एकदाही घडला नाही. पुढच्या शंभर जणींमध्ये तीन भेटी ठरल्या, असंही ते सांगत. पण भीतीची गाठ सुटली ती त्याच्या आधीच, पहिल्या महिन्यात, यशाचा पत्ता नसताना.

या साऱ्याला पुरावा म्हणून एलिस यांचं स्वतःचं कथन आहे, तेही पुढच्या काळात अनेकदा सांगितलेलं, आणि आकडे जरा गोल गोल आहेत. एका माणसाने स्वतःवर केलेला हा प्रयोग आहे, तुलनेला दुसरा गट नाही. पण घाबरलेल्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरं गेलं की भीती उतरते, हे त्यानंतरच्या काळात इतक्या अभ्यासांतून दिसलं आहे की आज चिंताविकारांवरच्या उपचारांत सामोरं जाण्याचा भाग असतोच. आणि लोक नाही म्हणतील हा आपला अंदाज किती वाढीव असतो, तेही तपासून झालं आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना अनोळखी लोकांकडून प्रश्नावल्या भरून आणायला पाठवलं होतं. पाच जणांनी भरून देण्यासाठी साधारण वीस जणांना विचारावं लागेल असा विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात दहाच्या आसपास जणांना विचारल्यावर काम झालं.

काय बदललं

एलिस पुढे मानसशास्त्राकडे वळले, कोलंबियात शिकले, काही वर्षं फ्रॉइड यांच्या परंपरेतलं मनोविश्लेषण केलं आणि त्याला कंटाळून १९५५ च्या सुमारास स्वतःची पद्धत मांडली. आपल्याकडे तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मराठी वाचकाला ती परकी नाही. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी १९६८ पासून एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, ही पद्धत इथे शिकवली, रुजवली. महाराष्ट्रातल्या समुपदेशकांच्या बोलण्यात आज ‘घटना, दृष्टिकोन, परिणाम’ ही साखळी सहज येते, त्यामागे त्यांचे कष्ट आहेत.

त्या साखळीतून बागेकडे पाहिलं की प्रकरण उलगडतं. घटना म्हणजे बाई उठून गेली. परिणाम म्हणजे भीती, शरम, पळ काढावासा वाटणं. आपण समजतो की पहिल्यातून दुसरं आपोआप निघतं. मध्ये एक वाक्य असतं आणि ते इतक्या झटकन येऊन जातं की ऐकूच येत नाही: ‘तिने मला नाकारता कामा नये, आणि नाकारलं तर मी कुचकामी.’ या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची मोळी बांधलेली आहे. तिने बोलावं ही इच्छा, आणि न बोलली तर माझी लायकीच निघाली हा निकाल. इच्छा रास्त आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला कुणीतरी आपल्याशी बोलावंसं वाटणारच. भीती जन्मते ती निकालातून.

तीस जणी उठून गेल्या तेव्हा अल्बर्टला हा निकाल तीस वेळा तपासून पाहायला मिळाला. पहिल्या काही वेळा तो खराच वाटला असणार. पण दहावी, पंधरावी बाई उठून गेल्यावरही तो तोच मुलगा होता: तितकाच हुशार, तितकाच वाचणारा, संध्याकाळी घरी जाऊन जेवणारा. उठून गेलेल्या बाईला एकटं बसायचं असेल, कुणाची वाट पाहायची असेल, किंवा तो आवडला नसेल. यांतल्या कशानेही त्याची किंमत ठरत नव्हती. पुढे एलिस ज्याला विनाअट आत्मस्वीकार म्हणू लागले त्याचं मूळ मला इथे दिसतं. आपल्या एखाद्या कृतीला गुण द्यावेत, अख्ख्या माणसाला देऊ नयेत.

म्हणूनच घरोघरी दिला जाणारा धीर मला खटकतो. मुलाखतीला निघालेल्या मुलाला आपण सांगतो, ‘काळजी करू नकोस, तुला नाही कशाला म्हणतील?’ स्थळ बघायला निघालेल्यांना सांगतो, ‘बघ, होकारच येणार.’ प्रेमाने म्हणतो, पण त्यातून मुलाला कळतं ते हेच, की नकार ही इतकी वाईट गोष्ट आहे की घरात तिचं नावही काढायचं नाही. मग नकार आला की दुहेरी मार. एक नकाराचा, दुसरा घरच्यांना तोंड कसं दाखवू याचा. ‘नाही म्हणाले तर वाईट वाटेल, दोन दिवस वाटेल, मग दुसरीकडे अर्ज करू’ हे बोलायला कोरडं वाटतं, पण मुलाच्या पाठीशी खरोखर उभं राहतं ते हे वाक्य.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जी अल्बर्टला नव्हती. बागेतली बाई उठून जायची, विषय तिथेच संपायचा. आपला नकार असा समोर येत नाही. कांदेपोहे झाले की ‘आम्ही कळवतो’. मग आठवडे जातात आणि मध्यस्थाकडून निरोप येतो की पत्रिका जुळत नाही. मुलाखतीनंतर ‘एचआरकडून फोन येईल’. उसने पैसे मागितले तर ‘बघतो, पुढच्या महिन्यात बोलू’. कुणाला दुखवायचं नाही हा हेतू चांगला असतो. पण ज्याला उत्तर हवं आहे तो अधांतरी लटकतो, रोज फोन तपासतो आणि रिकामी जागा स्वतःच्या दोषांनी भरत जातो. रंग, उंची, पगार, इंग्रजी, एकेक करून सगळं उगाळून होतं. याबाबतीत जुन्या मासिकांचे संपादक बरे, ‘साभार परत’ म्हणून लेख पाठवून देत. लेखक चरफडायचा, पाकीट बदलायचा आणि तोच लेख दुसऱ्या अंकाला धाडायचा.

बाकाची दुसरी बाजू

हे प्रकरण शिकवताना एक बाजू बहुतेकदा सुटते, आणि ती सुटू नये असं मला कळकळीने वाटतं. त्या १३० जणींना कुणी विचारलं नव्हतं. त्या उन्हं खात, वाचत, निवांत बसल्या होत्या आणि एका अनोळखी तरुणाच्या गृहपाठात ओढल्या गेल्या. ३० जणी उठून गेल्या त्या कदाचित घाबरून. त्यांची बाजू कुठे नोंदलेली नाही. भर दिवसा, वर्दळीच्या बागेत हे घडलं आणि अल्बर्ट मर्यादेने वागला, तरी आज पुण्यामुंबईच्या बागेत एखाद्या तरुणाने असा उद्योग करावा असं मी कुणालाही सांगणार नाही. बागेत एकट्या बसलेल्या मुलीला आधीच आजूबाजूला डोळा ठेवून बसावं लागतं. आपल्या भीतीवरच्या औषधाची किंमत तिने का मोजावी?

पण त्या महिन्यातली एक गोष्ट आपल्या समाजाला आज फार हवी आहे. ३० जणी उठल्या तेव्हा अल्बर्ट त्यांच्या मागे गेला नाही. का जाताय विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी त्याच बाकाजवळ दबा धरून बसला नाही. तिचं उठणं हे पूर्ण उत्तर होतं, आणि ते घेऊन तो पुढच्या बाकाकडे वळला. नकाराला घाबरून कधीच न बोलणारा मुलगा आणि नकार मिळाल्यावर पिच्छा न सोडणारा मुलगा आपल्याला दोन टोकांचे वाटतात. एक बिचारा, दुसरा गुंड. त्यांच्या मनातलं वाक्य मात्र एकच असतं: ‘तिने मला नाही म्हणताच कामा नये.’ पहिला ते वाक्य स्वतःवर उगारतो, दुसरा तिच्यावर. एकतर्फी प्रेमातून झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या आपण वाचतो तेव्हा दुसऱ्याचा राग येतो आणि यायलाच हवा. स्पष्ट नकारानंतरही पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. कायदा त्याचं काम करेल. पण शाळा-कॉलेजात मुलांना नकार पचवायला शिकवणं हे आपलं काम आहे, आणि ते आपण जवळपास करतच नाही.

आज हा गृहपाठ कसा करावा

गटांमध्ये हा सराव घेताना एक अट आधी घालावी लागते: ज्याला ‘नाही’ म्हणणं सहज शक्य आहे त्यालाच विचारायचं. हाताखालचा माणूस नको, उपकाराखाली असलेला नको, एकटी अनोळखी स्त्री नको. विचारायचं एकदाच. उत्तर आलं की ते शेवटचं.

एवढं पाळलं की रोजच्या जगण्यात जागा भरपूर सापडतात. एकच भाव असलेल्या दुकानात काउंटरपाशी जाऊन विचारायचं, ‘यात काही कमी होईल का?’ दुकानदार मान वर न करता म्हणतो, ‘नाही हो, फिक्स रेट आहे.’ खरा सराव पुढच्या चार-पाच सेकंदांचा असतो. कसनुसं हसायचं नाही. ‘नाही, सहज विचारलं’ अशी सारवासारव करायची नाही. पाय दाराकडे वळत असतात, त्यांना तिथेच थांबवायचं. ‘बरं, ठीक आहे’ म्हणायचं आणि हवी असेल तर वस्तू त्याच भावात घ्यायची. कान तापलेले असतात, मागे उभा असलेला माणूस आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. पहिल्या दिवशी या चार-पाच सेकंदांत घाम फुटलेली माणसं मी पाहिली आहेत. काही दिवसांनी तीच माणसं दुकानदाराशी गप्पा मारून परत येतात.

जोडीला एक वही. विचारायच्या आधी लिहायचं: काय होईल असं वाटतं. ‘तो ओरडेल’, ‘सगळे हसतील’, ‘मला रडू येईल’, अगदी जसं डोक्यात येईल तसं. विचारून आल्यावर शेजारच्या रकान्यात लिहायचं: काय झालं. हे मनातल्या मनात करू नये, कागदावरच करावं. भीतीची स्मरणशक्ती लबाड असते, घडून गेलेल्या साध्या प्रसंगालाही ती मागाहून तिखटमीठ लावते. भाकीत आधी लिहून ठेवलेलं असेल तर तिला तसं करता येत नाही.

मग पायरी चढायची. साहेबांना पगारवाढीचं विचारणं, दिवाळी अंकाला कथा पाठवणं, भांडून बोलणं टाकलेल्या भावाला फोन करणं. इथे नकार खरोखर लागतो, आणि लागणारच. मनापासून हवी असलेली नोकरी हुकली, आवडलेल्या माणसाने नाही म्हटलं तर रडू यावं, चार दिवस जेवण गोड लागू नये, यात विकृत काही नाही. एलिस यांनीही दुःख आणि खेद या भावनांना निरोगीच म्हटलं. त्यांची लढाई होती ती ‘आता सगळं संपलं’ या निष्कर्षाशी. नकार त्यांनाही शेवटपर्यंत चुकला नाही. १९५६ मध्ये शिकागोत मानसशास्त्रज्ञांपुढे आपली पद्धत मांडली तेव्हा स्वागत थंडच होतं. पुढे १९८२ च्या एका पाहणीत अमेरिका-कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रभावी मानसोपचारकांत त्यांना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्यानंतर दुसरा क्रमांक दिला, फ्रॉइड यांच्याही वर. आणि २००५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, स्वतः स्थापन केलेल्या संस्थेच्या संचालक मंडळाने त्यांनाच बाहेर काढलं. ते कोर्टात गेले आणि जानेवारी २००६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. विनाअट आत्मस्वीकार म्हणजे मुकाट सोसणं, असा अर्थ त्यांनी तरी कधी लावला नाही.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. वरचा सराव भिडस्त माणसासाठी आहे. भीतीपोटी कॉलेज सुटलं असेल, कामाला जाणं बंद झालं असेल, फोनची रिंग वाजली तरी हातपाय कापत असतील, तर वही आणि दुकानदार पुरणार नाहीत. तो सामाजिक चिंताविकार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. जवळच्या शासकीय रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठता येतो. तिथवर जायचीही भीती वाटत असेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.